जुन्याला जमत होते ते

आमच्या गावच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला दर उन्हाळ्यात भरते आणि गेली काही वर्षे ती इंटरनेटवरूनही दिसते. पाहणाऱ्यांत संध्याकाळी जिना उतरणे झेपत नाही अशी गावातलीच वडीलधारी मंडळी असतात, तशीच पुण्याला, बंगळुरूला आणि न्यू जर्सीला स्थायिक झालेली त्यांची मुलेही असतात. हे सारे प्रक्षेपण गेल्या वर्षीपर्यंत ज्या यंत्रावरून होत होते ते रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक. यंदा एका देणगीदाराने हौसेने नवे रास्पबेरी पाय ५ आणून दिले. माला सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मी ते जुन्याच्या जागी जोडले, नेहमीची आज्ञा दिली, आणि पडद्यावर ओळ उमटली: 'कुड नॉट फाइंड अ व्हॅलिड डिव्हाइस', म्हणजे योग्य ते उपकरण सापडले नाही. शेजारी उभ्या असलेल्या कार्यवाह काकांनी ती वाचली आणि अगदी सरळ मनाने विचारले, "अहो, हे जुन्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाचं आहे म्हणालात ना? मग जुन्याला जमत होतं ते याला का जमत नाही?"

उत्तर मला ठाऊक होते. पाय ४च्या चिपमध्ये एच.२६४ या प्रचलित पद्धतीने व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तो दाबून लहान करणारा, एक स्वतंत्र भाग आहे. पाय ५च्या चिपमध्ये तो ठेवलेलाच नाही. २०२३मध्ये आलेल्या या बोर्डात व्हिडिओसाठी वेगळा राखलेला भाग म्हणून उरला आहे तो एचईव्हीसी या नव्या पद्धतीचा डिकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ पुन्हा उलगडणारा भाग. एच.२६४ डिकोड करणे असो किंवा कोणत्याही पद्धतीने एन्कोड करणे असो, ते सारे आता मुख्य प्रोसेसरच्या चार कोअरनी करायचे. मी काकांना तसे सांगितले, आज्ञेतले एन्कोडरचे नाव बदलून लिबएक्स२६४ (तेच काम सॉफ्टवेअरने करणारा एन्कोडर) केले आणि चित्र सुरू झाले. काकांचे समाधान झाले. माझ्या डोक्यातून मात्र त्यांचा प्रश्न जाईना, कारण इतकी वर्षे या छोट्या एआरएम (मोबाइलसारख्या चिपच्या) बोर्डांवर एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळणारे सॉफ्टवेअर कंपाईल करताना, म्हणजे मूळ कोडपासून यंत्रावर चालेल असे बनवताना, मी याच प्रश्नाच्या अवतीभवती फिरत आलो आहे: यंत्राला एखादी गोष्ट जमते, ती नेमकी कुणाच्या बळावर?

२०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकच एआरएम कोअर होता. साधे वेबपान उघडायला तो इतका वेळ घेई की पाहणारा उठून पाणी पिऊन येई, पण १०८०पीचा चित्रपट मात्र तो न अडखळता दाखवी. हा विरोधाभास मला तेव्हा विलक्षण वाटला होता. चित्रपट दाखवणारा अर्थातच वेगळा होता: व्हिडिओकोअर नावाचा ग्राफिक्सचा भाग, जो केंब्रिजच्या अल्फामोझेक या कंपनीत घडला आणि २००४मध्ये त्या कंपनीसह ब्रॉडकॉमकडे गेला. वीज दिल्यावर सर्वांत आधी जागा होई तोही हाच. एसडी कार्डावरचे बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपचे स्वतःचे सॉफ्टवेअर, तो वाचे, स्मरणशक्तीची वाटणी ठरवी आणि मगच एआरएम कोअरला उठवी. ज्यावर आपले लिनक्स चालत होते, ज्याला आपण संगणक म्हणत होतो, तो भाग त्या चिपमध्ये दुय्यम होता. त्या व्हिडिओकोअरपर्यंत पोहोचायचे तर त्याने आखून दिलेल्या दोन वाटा होत्या, ओपनमॅक्स आणि एमएमएएल, आणि तेव्हा पॅकेजमधून मिळणारे सॉफ्टवेअर बहुधा त्या वाटांनी जात नसे. म्हणून कंपाईल करणे आले.

एफएफएमपेग कंपाईल करण्याची सुरुवात 'कॉन्फिगर' या स्क्रिप्टपासून होते. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या या प्रकल्पाने ही स्क्रिप्ट आजही हाताने लिहिलेली ठेवली आहे. तेव्हा तिला सांगावे लागे की ओएमएक्स-आरपीआय (ओपनमॅक्सची वाट) हवे, एमएमएएल हवे, एक्स२६४ हवे, आणि व्हिडिओकोअरच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्याशी कसे बोलायचे ते सांगणाऱ्या फाइली, 'ऑप्ट'मधल्या 'व्हीसी' या फोल्डरमध्ये आहेत. एंटर दाबल्यावर बराच वेळ काहीही दिसत नाही. लॅपटॉपवर हा वेळ जाणवत नाही, पायवर तो लांबतो. त्या शांततेत ती स्क्रिप्ट शेकडो चिमुकले प्रोग्रॅम लिहिते, एकेक कंपाईल करून पाहते, आणि 'हे या यंत्रावर आहे का, ते आहे का' अशी चाचपणी करत जाते. मग एकदम रकानेच्या रकाने नावे ओतली जातात: चालू केलेले डिकोडर, एन्कोडर, हार्डवेअरचे दुवे, आणि शेवटी परवान्याची ओळ. त्या रकान्यांत 'एच२६४_ओएमएक्स' हे नाव पहिल्यांदा सापडले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. अनेकदा ते नाव नसे, मग 'कॉन्फिग.लॉग' उघडून अगदी तळाशी जायचे आणि कोणत्या चिमुकल्या प्रोग्रॅमला कोणती हेडर फाइल सापडली नाही ते शोधायचे. यंत्राशी इतक्या तपशिलात बोलण्याची संधी एरवी कुठे मिळते?

त्यानंतर 'मेक', म्हणजे प्रत्यक्ष कंपाईल करण्याची आज्ञा. पहिल्या पायवर हे काम रात्रभर चाले, पाय ४वर तास-दीड तासात आटोपते. शहाणा माणूस हे काम लॅपटॉपवर क्रॉस-कंपाईल करून, म्हणजे बोर्डासाठीचे कंपाईल तिथेच करून, काही मिनिटांत उरकतो, आणि तसे करणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. तरीही मी ते बोर्डावरच करतो, कारण सॉफ्टवेअरच्या ज्या लायब्रऱ्यांशी त्याला जुळायचे आहे त्या तिथेच आहेत, आणि दुसरे कारण असे की मला त्या ओळी सरकताना पाहायला आवडतात. डावीकडे 'सीसी' आणि उजवीकडे फाइलचे नाव, एकामागून एक: सिनेपॅक, इंडिओ, स्मॅकर, बिंक, सोरेन्सन, रिअलव्हिडिओ. कधीकाळी कुणाच्या तरी सीडीत, खेळात किंवा डायल-अपवरून उतरवलेल्या क्लिपमध्ये असलेले हे प्रकार आता कुणी वापरत नाही, पण त्यांचे डिकोडर इथे सांभाळलेले आहेत. एमपेग-१ आणि एमपेग-२ची एकत्र फाइल येते तेव्हा मला हटकून आपल्याकडच्या लग्नांच्या व्हीसीडी आठवतात: ३५२ बाय २८८चे ते फुटके चित्र, हळदीच्या पिवळ्या रंगात उमटणारे चौकोन, आणि मागे सनईचा कर्कश झालेला आवाज. कितीतरी घरांत, आता हयात नसलेल्या माणसांचे हलतेबोलते रूप फक्त त्या चकत्यांवर आहे. त्या उघडायच्या तर अशीच कुठली तरी 'सीसी'ची ओळ आधी कुणीतरी लिहिलेली असावी लागते.

मध्येच 'सीसी'ऐवजी 'एएस' अशी अक्षरे येतात. या फाइली सी भाषेतल्या नसून एआरएमच्या असेंब्लीत, म्हणजे चिपच्या अगदी जवळच्या भाषेत, सूचनांमागून सूचना हाताने रचून लिहिलेल्या आहेत. बहुतेकांच्या नावात 'निऑन' आहे, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारा एआरएमचा भाग. निऑनचे रजिस्टर १२८ बिटांचे असते, म्हणजे आठ बिटांचे सोळा पिक्सेल त्यात शेजारी शेजारी बसतात आणि एका सूचनेत त्या सोळांवर एकदम बेरीज होते. हार्डवेअर अॅक्सलरेशनची चर्चा होते तेव्हा या फाइलींची आठवण फारशी कुणी काढत नाही. मला मात्र वाटते की सॉफ्टवेअरने चालणाऱ्या डिकोडिंगला जो वेग आला तो कंपायलरच्या हुशारीहून त्या फाइली लिहिणाऱ्या माणसांच्या चिकाटीमुळे अधिक आला. त्यांनी ते खुले लिहिले, म्हणून माझ्या गावातल्या बोर्डावर ते कंपाईल होऊ शकले.

आमच्याकडचा उन्हाळा या कामाला अनुकूल नाही. बाहेर ४२ अंश असताना चारही कोअर पूर्ण क्षमतेने चालू लागले की पायचे तापमान ८० अंशांकडे झेपावते आणि तिथून पुढे तो स्वतःच आपला वेग कमी करतो. विजेचे तर वेगळेच. मोबाइलचा चार्जर आणि बारीक तारेची केबल वापरली तर ऐन कंपाईलमध्ये दाब ४.६३ व्होल्टच्या खाली जातो आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. 'व्हीसीजेनसीएमडी' या पायच्या तपासणीच्या प्रोग्रॅमला 'गेट_थ्रॉटल्ड' विचारले की तो ०एक्स५०००० असे सांगतो. त्यातला एक बिट म्हणतो की मघाशी दाब कमी पडला होता आणि दुसरा म्हणतो की वेग कमी करावा लागला होता. वाचनालयाच्या इन्व्हर्टरवर काम चालू असताना मी हा आकडा सारखा पाहत असतो. चांगली केबल आणि छोटा पंखा यांना सॉफ्टवेअरच्या कोणत्याही पर्यायाइतकेच महत्त्व आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता सुरुवातीला पडद्यावर उमटलेल्या त्या त्रुटीच्या संदेशाकडे येतो. पाय ५वर मी केलेले कंपाईल निर्विघ्न पार पडले होते. कॉन्फिगरच्या रकान्यांत 'एच२६४_व्ही४एल२एम२एम' हे हार्डवेअर एन्कोडरचे नाव दिमाखात होते. असे कसे? कारण कॉन्फिगर फक्त लिनक्सची संबंधित हेडर फाइल आहे की नाही एवढेच पाहते, आणि ती जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. प्रत्यक्ष एन्कोडर आहे का, याची विचारणा चालवताना होते. प्रोग्रॅम 'डेव्ह' या फोल्डरमध्ये शिरतो, 'व्हिडिओ' या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल उघडतो, तिच्यामागच्या ड्रायव्हरला, म्हणजे लिनक्स आणि हार्डवेअर यांच्यातल्या दुव्याला, विचारतो की तू कच्ची फ्रेम घेऊन एच.२६४ देशील का, आणि नकार आला की पुढच्या फाइलीकडे जातो. पाय ४वर 'व्हिडिओ११' होकार देतो. पाय ५वर सगळे नकार देतात आणि मग ती ओळ येते. कंपाईल होणे म्हणजे केवळ विचारण्याची पात्रता येणे; उत्तर सिलिकॉनमध्ये असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये कर्नलचा ड्रायव्हर लिहिणारा कुणीतरी असतो.

हा मधला माणूस किती महत्त्वाचा, ते आम्ही पाय ४वरच अनुभवले होते. २०२२च्या फेब्रुवारीत ६४-बिट रास्पबेरी पाय ओएस ही कार्यप्रणाली अधिकृतपणे आली. मी ती मोठ्या उत्साहाने घातली, आणि ओपनमॅक्स व एमएमएएल या दोन्ही वाटा तिच्यात बंद असल्याचे पाहिले. चिप तीच, एन्कोडर तोच, पण माझी जपून ठेवलेली कॉन्फिगरची ओळ निरुपयोगी झाली होती. त्या एन्कोडरकडे जायची नवी वाट लिनक्सच्या स्वतःच्या व्ही४एल२ या पद्धतीतून काढलेली होती, आणि ती आधीच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होती, कारण एकाच कंपनीच्या चिपपुरती ती मर्यादित नव्हती. मला आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. जुन्या वाटेवरचे खाचखळगे पाठ झाले होते आणि ते पाठांतर आता कुणाच्याही उपयोगाचे राहिले नव्हते.

हार्डवेअर एन्कोडर म्हणजे पेणच्या कारखान्यातला गणपतीचा साचा. ओतले की मूर्ती तयार, झटपट आणि दर वेळी तशीच. पण सोंडेला जरा वेगळे वळण हवे असेल तर साचा ते देऊ शकत नाही. पहिल्या पायचा कॅमेरा १०८०पी चित्र सेकंदाला ३० फ्रेमनी एन्कोड करून घेई, आणि २०१९च्या पाय ४चीही मर्यादा तीच राहिली. त्या एन्कोडरला बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे ते, सांगता येतो, पण 'दर्जा एवढा ठेव, आकाराचे तू पाहा' असे लिबएक्स२६४इतक्या बारकाईने सांगता येत नाही. मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बांधायच्या बी-फ्रेमही तो वापरत नाही. वक्त्यामागचा पडदा वाऱ्याने हलला की चेहऱ्यावरचे तपशील पुसट होत, हे मी कितीदा पाहिले आहे. लिबएक्स२६४ त्याच बिटरेटमध्ये तो चेहरा जपतो, कारण कुठे बिट खर्चायचे याचा विचार करायला त्याला मोकळीक आहे.

शिवाय 'हार्डवेअरने होते' या वाक्यात बरेच काही दडून जाते. आमचा यूएसबी कॅमेरा १०८०पीच्या कच्च्या फ्रेम देऊच शकत नाही. १९२० गुणिले १०८० गुणिले दोन बाइट गुणिले ३० म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट होतात, आणि यूएसबी २.० कागदोपत्रीसुद्धा ६० मेगाबाइटच्या वर जात नाही. म्हणून कॅमेरा एमजेपेग, म्हणजे प्रत्येक फ्रेमचे दाबलेले जेपेग चित्र, देतो. ते एमजेपेग डिकोड करणे, त्यातून आलेल्या ४:२:२ चित्राचे ४:२:० करणे, म्हणजे रंगाची माहिती निम्मी करणे, आणि ते एन्कोडरच्या स्मरणशक्तीत उतरवणे, हे सारे पाय ४वरही मुख्य प्रोसेसरच करत होता. एन्कोडरचे काम संपूर्ण हार्डवेअरवर असूनही प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये एफएफएमपेगचा आकडा मोठा दिसे, तो यामुळे. १०८०पीची एक ४:२:० फ्रेम तीन मेगाबाइटांच्या वर असते. ती एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवणे हेच अशा बोर्डांवर खरे कष्टाचे काम आहे. म्हणून डिकोड झालेली फ्रेम जागची न हलवता पडद्यापर्यंत नेण्याची सोय, म्हणजे लिनक्सच्या डीआरएम या पडद्याच्या व्यवस्थेतून जाणारी झीरो-कॉपी, मला कोणत्याही नव्या कोडेकपेक्षा मोलाची वाटते.

काकांच्या प्रश्नाला याहून जुना एक संदर्भ आहे. पहिल्या पायमध्ये एमपेग-२ डिकोड करणारा भाग होता, पण तो कुलूपबंद होता. २०१२च्या ऑगस्टमध्ये त्याची किल्ली विक्रीला आली: २.४० पौंड, आणि ती त्या एका बोर्डाच्या अनुक्रमांकाशी बांधलेली. पेटंटांचे शुल्क बोर्डाच्या किमतीत बसत नव्हते, म्हणून ज्याला हवे त्याने वेगळे द्यावे अशी ती व्यवस्था. डीव्हीडी पाहायच्या तर किल्ली हवी, कारण त्या एकट्या कोअरला ते काम झेपत नसे. पुढे कोअर चार झाले, वेग वाढला, २०१८मध्ये एमपेग-२ची अमेरिकेतली शेवटची पेटंटे संपली, आणि २०१९च्या पाय ४मध्ये तो भाग कायमचा बंदच ठेवला गेला, किल्लीनेही उघडेना. कुणी हळहळले नाही, कारण तोवर निऑनच्या भरवशावर कोणताही कोअर डीव्हीडी सहज चालवत होता. एच.२६४ आज त्याच वळणावर आले आहे. २००३च्या या मानकासाठी वेगळा भाग राखण्याची गरज चिप बनवणाऱ्यांना आता वाटली नाही, कारण पाय ५चे कोअर ते ओझे उचलतात.

हे मला पटते, आणि तरी पूर्ण पटत नाही. पाय ५वर व्याख्यान चालू असते तेव्हा कोअर तापलेले असतात आणि पंखा फिरत असतो. तेच काम पाय ४चा तो छोटा भाग फारशी ऊब न जाणवता करत होता. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सभागृहात हा फरक नगण्य नाही. याउलट लिबएक्स२६४चा प्रत्येक निर्णय मला वाचता येतो आणि बदलता येतो. कोणत्या फर्मवेअरची मर्जी सांभाळावी लागत नाही. दोन्ही बोर्ड समोर ठेवून एक निवड म्हटले तर यंदा मी पाय ५ ठेवला. सौरऊर्जेवर चालणारे सभागृह असते तर बहुधा पाय ४च ठेवला असता.

कुणी विचारेल की लिनक्सच्या वितरणातले तयार एफएफएमपेग असताना कंपाईल करण्याचा आटापिटा आता कशाला. आमच्याकडे त्याचे कारण चित्राहून आवाजात आहे. ज्यांच्याकडे नेटवर्क क्षीण आहे अशा श्रोत्यांसाठी आम्ही केवळ आवाजाचा एक प्रवाह सोडतो, ३२ किलोबिटांचा. इतक्या कमीत माणसाचा आवाज सुस्पष्ट ठेवायचा तर एचई-एएसी ही आवाज दाबण्याची पद्धत लागते, आणि एफएफएमपेगच्या स्वतःच्या एन्कोडरला ती येत नाही. त्यासाठी लिबएफडीके-एएसी ही लायब्ररी जोडावी लागते. तिचा परवाना जीपीएलशी, म्हणजे एक्स२६४च्या खुल्या परवान्याशी, जुळत नाही. म्हणून एक्स२६४ आणि ती एकत्र घातली की कॉन्फिगरच्या तळाशी परवान्याची ओळ येते: 'नॉनफ्री अँड अनरीडिस्ट्रिब्युटेबल'. मी केलेले कंपाईल मी वापरू शकतो, दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. ज्याला हवे त्याने आपल्या यंत्रावर स्वतः करायचे.

शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाने मध्यंतरी आमच्यासारखी सोय मागितली, तेव्हा या ओळीमुळे मी त्यांना कार्ड कॉपी करून देऊ शकलो नाही. त्याऐवजी एक मजकुराची फाइल पाठवली: आज्ञा क्रमाने, आणि प्रत्येक पर्यायाखाली तो का आहे हे मराठीत. तिथला ग्रंथपाल तरुण आहे, फोनवर म्हणाला, "दादा, कॉन्फिगर दिलं, पण काहीच दिसत नाहीये. अडकलं असेल का?" मी म्हणालो, "अडकलेलं नाही, ते शोधतंय. चहा घेऊन या." संध्याकाळी त्याने रकाने वाचून दाखवले आणि परवान्याची ओळ आल्यावर ही चूक आहे का असे विचारले. ती चूक नव्हे, हे सांगताना मी वर लिहिलेले बरेचसे त्याला सांगितले.

दोन दिवसांनी त्यानेच फोन करून सांगितले की त्यांच्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यात एच.२६४चा एन्कोडर आतच आहे. व्ही४एल२च्या यादीत एमजेपेगच्या खाली त्याने ते नाव पाहिले होते. म्हणजे बोर्डाने चित्राला हातही लावायचा नाही, 'कॉपी' म्हणून प्रवाह जसाच्या तसा पुढे धाडायचा. मग पाय ४ असो की पाय ५, काही फरक पडत नाही, आणि माझ्या फाइलीतल्या निम्म्या ओळी त्याला लागतच नाहीत. मी ते फाइलीत त्याच्या सूचनेप्रमाणे लिहून घेतले. तो कॅमेरा कीफ्रेम, म्हणजे जिच्यापासून चित्र नव्याने सुरू होऊ शकते ती पूर्ण फ्रेम, किती अंतराने देतो ते मात्र अजून कळलेले नाही. अंतर फार असेल तर उशिरा जोडल्या जाणाऱ्या प्रेक्षकाला तितका वेळ काळा पडदा दिसेल. ते अंतर बाहेरून बदलता येते का, हे आम्ही दोघे येत्या रविवारी त्यांच्या सभागृहात बसून पाहणार आहोत.